अंगी लागलं

परवा कपाट आवरताना वरच्या फळीवर मागे एक पांढरी प्लास्टिकची बाटली सापडली. हलवली तर आत सात-आठ गोळ्या वाजल्या. मुदत केव्हाच संपलेली. या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, दवाखान्यात परत द्यायच्या असतात. म्हणून बाटली ठेवून दिली होती, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी पुन्हा मुंबईला जायचा धीर झाला नव्हता. बायकोने विचारलं, "काय करू हिचं?" म्हटलं, राहू दे आणखी थोडे दिवस. आणि लिहायला बसलो. घरच्या मंडळींना यातलं बरंच माहीत आहे, पण सगळं नाही.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. दाजींची सहा एकर काळी जमीन, कापसाची. मी परभणीत बँकेत. अक्का म्हणजे एकदम काटक बाई. कापूस वेचायला लागली की तिच्या शेजारची ओळ धरायला बायका नको म्हणायच्या, कारण मागे पडलं की ती चिडवायची. अशी बाई पहिल्यांदाच जरा भरल्यासारखी दिसायला लागली, त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं.

२०१६ ची भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. अक्का ओवाळायला समोर बसली. चेहरा गोल झालेला, गाल लालसर. मी म्हणालो, "अक्का, दाजी चांगलंच खाऊ घालायलेत की! अंगी लागलंय." सगळे हसले. अक्काही हसली. आई म्हणाली, "लागू दे माय, जलमभर काडीवानी होती." मी मोबाईलवर फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात आता मला सगळं दिसतं. पोट सुटलेलं आणि दंड मात्र बारीक. मानेच्या मागे उंचवटा. ओठांवर लव, जी ती पदराने झाकायची आणि आम्हाला वाटायचं, दाजींसमोर लाजते. पंचवीस वर्षं झाली लग्नाला, आता कसली लाजते, एवढंही सुचलं नाही.

बरोबर आठवड्याने, ८ नोव्हेंबरला रात्री, पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. बँकेतल्या माणसाला ते दिवस काय होते हे वेगळं सांगायला नको. त्या गर्दीत एक दिवस अक्काचा फोन आला. "बापू, उकिडवं बसलं की उठता येईना गेलंय. चुलीपुढून उठायला सासूबाईचा हात धरावा लागायलाय." फोन खांद्याने कानाला दाबून मी नोटा मोजत होतो. म्हटलं, "वजन वाढलंय ना, कमी कर थोडं. हे नोटांचं संपलं की बघू."

नोटांचं डिसेंबरअखेर संपलं. मी बघायला गेलो मार्चमध्ये.

तोपर्यंत एका डॉक्टरांनी तिचं बीपी पकडलं होतं, गोळी चालू केली होती. पुढे साखर निघाली, तिची गोळी चालू झाली. पाळी बंद झाली होती, तर वय झालं म्हणून सोडून दिलं. एक्केचाळिसावं वर्ष. मी त्या डॉक्टरांना नावं ठेवत नाही. बीपी घरोघर आहे, साखर घरोघर आहे, वाढलेलं वजन तर विचारूच नका. सगळ्याची मिळून एकदा बेरीज करायला हवी होती. आयुष्यभर बेरजा करून पोट भरणारा मी, मीही ती केली नाही.

श्रावणात कासाराने बांगड्या भरताना तिचा हात दाबला आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं पडलं. कासार बिचारा घाबरून गेला. मग मात्र मी तिला परभणीला आणलं आणि एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा ओढून तपासलं, बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघेदुखीची पुडी-बिडी घेतात का या?" खेड्यात सांधेदुखीवर पुड्या देणारे असतात, त्यात कितीदा तरी स्टिरॉईड मिसळलेलं असतं, आणि माणूस असा फुगण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच. अक्काने आयुष्यात पुडी घेतली नव्हती. "मग आजच सोनोग्राफी करा," त्या म्हणाल्या. अक्काच्या पोटावर आणि मांड्यांवर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे होते. तिने ते वर्षभर कुणाला दाखवले नव्हते. आईलासुद्धा.

डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर ११ सेंटीमीटरची गाठ.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. चार-पाच ग्रॅमची वस्तू. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार होतं. संकट आलं, ताप आला, उपास घडला की शरीराला तगवून नेणारं हे रसायन. ते थोडं लागतं, पण लागतंच. अक्काची गाठ हे रसायन रात्रंदिवस ओतत होती, वर पुरुषी संप्रेरकंही. कॉर्टिसॉल असं वाहायला लागलं की हातापायांचे स्नायू विरघळायला लागतात, कातडी कागदासारखी होते, साखर वाढते, आणि चरबी जाऊन बसते चेहऱ्यावर, मानेवर, पोटावर. हार्वी कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९३२ साली अशा रुग्णांचं वर्णन एकत्र मांडलं, म्हणून त्या सगळ्या लक्षणांना त्यांचं नाव आहे. म्हणजे आम्ही 'अंगी लागलं' म्हणत होतो, तेव्हा तिचं अंग आतून चाललं होतं. उकिडवं बसून उठता येत नव्हतं ते वजनाने नाही. मांड्याच उरल्या नव्हत्या.

औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच होतं) सीटी स्कॅन झालं आणि तिथून टाटाची चिठ्ठी मिळाली. मराठवाड्यात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. परळचा हा दवाखाना १९४१ साली सुरू झाला, तेव्हापासून किती गावांत हे वाक्य किती दबक्या आवाजात बोललं गेलं असेल! संध्याकाळी परभणीहून गाडी धरायची, पहाटे दादरला उतरायचं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला पाऊण भाग. हेही आम्हाला दुसऱ्या खेपेला, समोरच्या बाकावरच्या पूर्णेच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. आमचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. टाटाच्या बाहेर फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहणारी कुटुंबं पाहिली की आपल्याला खोली मिळाली याचीच लाज वाटायची.

तिथल्या डॉक्टरांनी अक्काकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "यांचा जुना फोटो आहे का?" आमच्याकडे कुठला फोटो? शेवटी तिच्या पिशवीतून आधार कार्ड निघालं. डॉक्टरांनी ते तिच्या गालाजवळ धरलं आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. एकाच बाईचे दोन चेहरे. बाहेर आल्यावर अक्का म्हणते, "मला वाटलं विचारतेत की काय, ह्या कारडावरली बाई कुठंय म्हणून." हसलो आम्ही. पण मला आठवत होता माझा भाऊबीजेचा फोटो. मी जो फोटो काढून खूश झालो होतो, तो दाखवला असता तर हेच निदान वर्षभर आधी झालं असतं.

तपासण्यांमध्ये एक असते चोवीस तासांची लघवी. पाच लिटरचा कॅन देतात, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचं सगळं त्यात साठवायचं, कारण त्यातून दिवसभराचं कॉर्टिसॉल मोजतात. आमचा कॅन जमा करायचा दिवस आला २९ ऑगस्ट २०१७. ज्यांना तारीख आठवत असेल ते हसतील. मुंबई पाण्याखाली गेली तो दिवस! हिंदमाताला कमरेएवढं पाणी. मी आणि दाजी, दाजींच्या डोक्यावर कॅन, वर प्लास्टिकची पिशवी, दादरहून परळला चालत. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस तो. मध्येच थांबून म्हणाले, "बापू, हे सांडलं तर पुन्हा एक दिस राहावं लागंल का?" घरी तिकडे महालक्ष्म्यांचे दिवस. अक्काने त्या बसवायच्या जावेवर सोपवल्या होत्या आणि तिला गाठीपेक्षा त्याचीच काळजी होती, की तिला फुलोऱ्याच्या करंज्या नीट जमतील की नाही.

रिपोर्ट आले. फुप्फुसांत चार ठिपके होते. त्यातल्या एकात सुई घालून तुकडा काढला. ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर, पसरलेला. चौथी अवस्था.

"फार दुर्मीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोन." बाकड्यावर बसून मी मोबाईलवर जिल्ह्याची लोकसंख्या काढली. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्हा १८ लाख ३६ हजार. म्हणजे या हिशेबाने आमच्या एका जिल्ह्यात दरवर्षी दोघं-तिघं. गंगाखेडला एखादा, जिंतूरला एखादी. मग मागच्या दहा वर्षांचे वीस-पंचवीस जण कुठे गेले? मी तर एकाचंही नाव ऐकलं नव्हतं. बीपी-साखरेच्या गोळ्या खात, 'अंगी लागलं' ऐकत गेले असतील. हा आकडा त्या दिवशी जो डोक्यात बसला तो अजून निघालेला नाही.

दुसरा आकडा मी त्याच बाकड्यावर शोधला, आणि तो मी कुणालाच सांगितला नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. हा आजार इतका विरळा की त्याच्या औषधांची मोठी तुलना करायला बारा देशांतले रुग्ण गोळा करावे लागले, ३०४ जण. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. एटोपोसाईड, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन ही तीन औषधं आणि सोबत मायटोटेन नावाची गोळी, असा एक गट. दुसऱ्या गटाला वेगळं औषध, सोबत गोळी तीच. पहिल्या गटात शंभरातल्या तेवीस जणांच्या गाठी आकसल्या, दुसऱ्यात नऊ जणांच्या. म्हणून अक्कालाही पहिलीच औषधं मिळणार होती. आणि त्या गटाचं मध्यमान आयुष्य १४.८ महिने. मध्यमान म्हणजे निम्मे त्याच्या पुढे जातात, हे मला कळतं. पण त्या वेळी डोकं तसं चालत नाही. मी बोटांवर मोजलं. ऑगस्टअखेरपासून १४.८ महिने म्हणजे २०१८ ची दिवाळी संपता संपता.

दाजींनी विचारलं, "काय मनलेत?" मी म्हणालो, "औषध हाय म्हणतेत."

किमो सुरू झाली. दर अठ्ठावीस दिवसांनी चार दिवस. पहिल्या दिवशी लाल औषध, त्याने लघवीसुद्धा लाल होते. शेवटचे दोन दिवस सिस्प्लॅटिन, सोबत सलाईनवर सलाईन. केस गेले, कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, ज्वारीच्या भाकरीचा वास सहन होईना. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला भाकरीचा वास! कॉर्टिसॉल दाबायला सुरुवातीला जी गोळी दिली ती मुळात बुरशीवरची, नायट्या-गजकर्णाच्या नात्यातली. आणि मायटोटेन, ज्या गोळीची बाटली आज माझ्या कपाटात आहे, तिची गोष्ट त्याहून अजब.

आमच्या लहानपणी गावात मलेरियाचे लोक यायचे. पाठीवर पंप, घराघरात भिंतींवर फवारणी, आणि जाताना दारावर गेरूने तारीख लिहून जायचे. ते डीडीटी. त्याचाच एक सख्खा भाऊबंद डीडीडी. १९४९ साली अमेरिकेत संशोधकांनी तो कुत्र्यांना खाऊ घालून पाहिला, तर कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेल्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं, जे निरोगी ग्रंथी सुकवतं ते तिथल्या कॅन्सरलाही सुकवेल. १९६० च्या सुमारास माणसांना देऊन पाहिलं, आणि तीच ही मायटोटेन. एवढ्या वर्षांत खास या आजारावर तिच्या तोडीचं दुसरं काही आलं नाही. दुधातून किंवा तुपाच्या घासाबरोबर घ्यायची, कारण चरबीत मुरते. रक्तात लिटरमागे १४ ते २० मिलीग्रॅम झाली पाहिजे. त्याखाली राहिली तर उपयोग कमी, वर गेली तर डोकं गरगरतं, बोलणं अडखळतं. आणि ती चांगल्या ग्रंथीलाही सोडत नाही, म्हणून एका हाताने कॉर्टिसॉल मारायचं आणि दुसऱ्या हाताने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांनी तेच पुरवायचं.

मी हे सगळं दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंजे फवारनीच की!"

तो २०१७ चा हंगाम होता. बोंडअळीने कापूस खाल्ला ते वर्ष. तिकडे यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मेले ते वर्ष. दाजी मुंबईहून येऊन शेतात जायचे, तोंडाला गमछा बांधून फवारायचे, आणि रात्री फोन करून मला विचारायचे, "अक्काच्या औषधाची मात्रा कुनी ठरविली? जास्ती तर होईना ना?" पंपाला किती झाकणं टाकायची हे कंपनीच्या एजंटाच्या सांगण्यावर ठरवावं लागणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तो. मी आधी हसलो, मग नाही हसलो. गोळ्यांसाठी त्यांनी दीड एकर गहाण टाकलं. मी बँकेत असून व्याज किती होईल ते त्यांना सांगू शकलो नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सहा किमो झाल्या. फेब्रुवारी २०१८ च्या स्कॅनमध्ये चारातले तीन ठिपके दिसेनासे झाले होते, चौथा लहान झाला होता, आणि ११ सेंटीमीटरची गाठ ७ वर आली होती. शंभरातले तेवीस. डॉक्टरांची बैठक झाली. एरवी पसरलेल्या कॅन्सरला कापत नाहीत, पण इथे औषधाने साथ दिलीये, ठिपके मोजके उरलेत, आणि गाठ अजून कॉर्टिसॉल ओततेय, तर काढू या. धोकाही सांगितला. टाके लवकर भरत नाहीत, कातडी नाजूक, साखर आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया नाही, पोट उघडून, कारण ही गाठ आत फुटली तर सगळीकडे पेरली जाते.

सही दाजींनी करायची होती. ते म्हणाले, "तिला इचारा." अक्का म्हणाली, "उठता येईल का मला, खाली बसल्यावर?" सर्जन म्हणाले, हळूहळू येईल. "मग काढा."

एप्रिलमध्ये काढली. ग्रंथी, तिच्यासोबत डावं मूत्रपिंड आणि प्लीहा. सहा तास. बाहेर मी आणि दाजी. दाजी मध्येच उठून गेले आणि दोन वडापाव घेऊन आले. एक माझ्या हातात दिला, दुसरा हातात धरून तसेच बसून राहिले, थंड होईपर्यंत.

त्या वर्षीची भाऊबीज ९ नोव्हेंबरला होती. मी महिनाभर आधीपासून कॅलेंडरकडे बघायचं टाळत होतो. अक्का माझ्या घरी आली. केस बोटभर आले होते. गाल गेले होते, ओठावरची लव गेली होती. आधार कार्डावरची बाई परत आली होती. ओवाळायला पाटासमोर बसली, ओवाळून झालं, आणि हात न टेकवता उठली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

नंतर २०१९ च्या जानेवारीत फुप्फुसातला तो उरलेला ठिपकाही काढला. त्याचं फार सांगण्यासारखं नाही. छातीची नळी पाच दिवसांत निघाली.

सांगण्यासारखं आहे ते आषाढीचं. टाटातून येताना फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं : हायड्रोकॉर्टिसोनची गोळी कधीही बंद करायची नाही. ताप आला, उलटी झाली तर दुप्पट, आणि पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन. आता शरीरात ते रसायन बनतच नव्हतं ना. जुलै २०१९ ची एकादशी आली. अक्काने निर्जळी केली. "देवाच्या दिवशी गोळी कशी खावी," म्हणून सकाळचीही नाही, दुपारचीही नाही. संध्याकाळी ओकायला लागली, मग बोलेना. दाजींनी जीपमध्ये घालून तालुक्याच्या गावी आणलं. तिथला डॉक्टर अगदी पोरगेलासा होता. बीपी लागेना. त्याने फाईलचं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलंसुद्धा नाही, आणि शंभर मिलीग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. तासाभराने अक्का उठून बसली आणि विचारलं, "माझा उपास मोडला का?" त्या पोराने या आजाराचा रुग्ण कधी पाहिलेला नव्हता. पण त्याने कागदावर विश्वास ठेवला. असो. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या आणि मुंबई एकदम अमेरिकेइतकी लांब गेली. गोळ्यांची बाटली औषधांच्या गाडीतून एका शहरापर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीने, अशी हात बदलत परभणीतल्या एका मेडिकलवाल्यापर्यंत पोचायची. तो भला माणूस फोन करायचा, "तुमची अमावास्या-पुनवंची गोळी आली बरं का." महिन्यातून दोनदाच यायची म्हणून त्याने ठेवलेलं नाव.

२०२१ च्या दिवाळीत चेहरा पुन्हा गोल दिसायला लागला. या वेळी सगळ्यात आधी मला दिसला. यकृतात गाठी होत्या, बऱ्याच. पुन्हा किमो सुरू केली, पण दोन झाल्यावर ती म्हणाली, आता पुरे, गावाकडं नेऊन घाला. २०२२ च्या मेमध्ये, ऐन उन्हाळ्यात, पहाटे गेली. त्याच्या आदल्या रात्री मला म्हणाली, "तू मला एकदा मनला होतास, अंगी लागलंय. लई बरं वाटलं होतं रे मला. कुनी तरी मनलं." मी तिला कधीच सांगू शकलो नाही की त्या वाक्यासाठी मी स्वतःला पाच वर्षं काय काय बोललो होतो.

हे इथंच थांबवणार होतो. पण बाटली सापडली त्याच्या दोन दिवस आधी एक फोन आला होता, तो सांगायला हवा. माणूस जिंतूर तालुक्यातला. नंबर त्याला त्या मेडिकलवाल्याने दिला होता. बायकोचं बीपी आहे, साखर आहे, पोटॅशियम कमी निघालंय. "आन् फुगायली साहेब. लोक मनतेत, चांगलं हाय की. पन तिला जिना चढता येईना."

मी त्याला म्हणालो, मी डॉक्टर नाही. याची शंभर साधी कारणं असतात. गुडघ्याची पुडी घेते का? नाही म्हणाला. इनहेलर, दम्याच्या गोळ्या, अंगाला लावायचं मलम? नाही.

"दोन वर्षांपूर्वीचा तिचा फोटो आहे का?"

"मेव्हणीच्या लग्नातला हाय."

"तो पाठवा. आणि एक आत्ताचा, समोरून काढून."

अर्ध्या तासाने मोबाईल वाजला. दोन फोटो. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, मग बायकोला दाखवले. ती काहीच बोलली नाही. मी त्याला उलट फोन लावला आणि विचारलं, उद्या सकाळी परभणीला यायला पहिली बस किती वाजता आहे.